सेकंडहँड म्हणजे उष्टं नव्हे

आमच्या जलसा पथकाने ऑनलाइन जाहिरात पाहून एक जुनी बेस गिटार विकत घेतली. चार तारांची, काळी, वरच्या कडेला रंग उडालेली. मालकाने 14,000 मागितले होते, आम्ही ती 9,500 ला आणली, पिशवी आणि केबल धरून. विहारातल्या बैठकीत हिशोब ठेवला तेव्हा वाटलं, लोक म्हणतील पोरांनी स्वस्तात चांगली वस्तू आणली. झालं भलतंच. बाकीचे विषय बाजूला राहिले आणि तासभर चर्चा फक्त गिटारीवर झाली.

आक्षेप तीन आले. पहिला सगळ्यात धारदार होता. एक ज्येष्ठ काका म्हणाले, "आमच्या बापाने उष्टं-शिळं टाकलं, मेलेलं ढोर ओढणं टाकलं, त्यापायी गावाचा मार खाल्ला. आणि तुम्ही त्यांच्या पोरांनी वापरून टाकलेलं वाद्य पैसे देऊन घरात आणता?" दुसरा आक्षेप असा, की गिटार आपली नाही, आपली हलगी, आपली ढोलकी, आपली दिमडी. तिसरा फारसा मोठ्याने मांडला गेला नाही, पण खोलीतल्या निम्म्या लोकांच्या मनात तोच होता: जयंतीला डीजे असतोच, मग हे कशाला?

बोलणारी माणसं आपली आहेत. त्यांच्यातल्या काहींनी नामांतरात लाठ्या खाल्ल्यात. म्हणून मागे कुजबुजण्यापेक्षा उत्तर उघड देतो. आणि हा प्रश्न एका पथकापुरता नाही. गावोगाव आपली पोरं वाद्यं शोधताहेत, नवी घ्यायची ऐपत नाही, जुनी घ्यायला मन कचरतं.

काकांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुनी वस्तू आपल्या इतिहासात साधी वस्तू नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने मृतांची वस्त्रं वापरावीत, फुटक्या भांड्यात जेवावं, लोखंडाचे दागिने घालावेत असं लिहिलंय. शूद्र सेवकाला उरलेलं अन्न, जीर्ण कपडे, टाकाऊ धान्य आणि जुनं सामान द्यावं, हेही त्याच अध्यायात. थोडं पुढे गेलं की, ताकद असली तरी शूद्राने धन साठवू नये, असा आदेश येतो. हे तिन्ही एकत्र वाचा. जुनं मिळेल, फुकट मिळेल, पण विकत घेण्याइतका पैसा तुझ्या हातात राहणार नाही, अशी ती व्यवस्था आहे. 25 डिसेंबर 1927 ला महाडला जे जाळलं त्यात ही पानंही होती.

आता यात अपमान नेमका कुठे आहे? कपडा जुना असण्यात आहे का? आमचं म्हणणं, नाही. अपमान आहे तो किंमत नसण्यात. बलुतं आठवा. वर्षभर राबायचं, सांगावे पोहोचवायचे, सरपण फोडायचं, मयताची खबर उन्हातान्हात परगावी न्यायची, आणि सुगीला खळ्यावर उभं राहायचं. किती धान्य पदरात पडणार हे देणारा ठरवणार. कमी पडलं तर "भाऊ, हे परवडत नाही, एवढं द्या, नाहीतर काम दुसरीकडे करतो" असं म्हणण्याची सोय नव्हती. नकार देण्याची सोय नव्हती. भाव करण्याची तर नव्हतीच. उष्टं म्हणजे ते, जे नाकारता येत नाही आणि ज्याचा भाव करता येत नाही. घेतल्यावर वर उपकाराचं ओझं डोक्यावर.

याच्या उलट आम्ही काय केलं? जाहिरात पाहिली. 14,000 जास्त आहेत म्हणून सांगितलं. कारणं दिली. तो 12,000 वर आला, आम्ही निघालो. तीन दिवसांनी त्याचाच फोन आला. शेवटी 9,500 ठरले, वस्तू तपासली, पैसे दिले, त्याने "थँक यू" म्हटलं, आम्ही गाडीला लाथ मारली. ना त्याचा आमच्यावर उपकार, ना आमचा त्याच्यावर. बाप खळ्यावर हात पसरून उभा होता, लेक दारात उभा राहून "साडेनऊच्या वर एक रुपया नाही" म्हणतो. काका, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येतील का?

आणि जुनं घेण्याची लाज बाळगणाऱ्यांनी थोडं न्यूयॉर्ककडे पाहावं. कोलंबिया विद्यापीठात शिकताना, शिष्यवृत्तीच्या तुटपुंज्या पैशातून, बाबासाहेबांनी जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घालून सुमारे 2,000 पुस्तकं जमवली होती, असं त्यांच्या चरित्रांत नोंदलेलं आहे. 1917 साली परतताना त्यांचं सामान ज्या बोटीने येत होतं ती पहिल्या महायुद्धात पाणतीराने बुडवली आणि पुस्तकांचा मोठा भाग समुद्रात गेला. ती पुस्तकं कुणीतरी आधी वाचलेली होती, कुणीतरी विकलेली होती, कुणाच्या तरी नावाची सही पहिल्या पानावर असणार. बाबासाहेबांनी त्यांना उष्टं म्हटलं नाही.

हे झालं इतिहासाचं. आता बाजाराबद्दल, कारण इथे आपल्यातल्याच दुसऱ्या टोकाच्या मंडळींशी आमचा वाद आहे. बाजारात जात नसते, पैसा असला की झालं, असं सांगणारे आता आपल्यातही बरेच झालेत. त्यांना आमचा शोध कसा झाला ते ऐकवतो.

आधी आम्ही शहरातल्या एका वाद्यांच्या दुकानात गेलो होतो. भिंतीवर गिटारी टांगलेल्या, खाली इंग्रजीत पाटी की हात लावू नये. आमच्या समोर दुसरा एक मुलगा गिटार उतरवून घेऊन निवांत वाजवत बसला होता. आम्ही हात पुढे केला तर विक्रेत्याने आधी "बजेट काय आहे?" विचारलं. पाटी सगळ्यांसाठी एकच, पण ती वाचून दाखवली जाते कुणाला, हे आपल्याला ठाऊक आहे. मोबाइलच्या पडद्यावर निदान ती पाटी नसते. रात्री दोनला सुद्धा शंभर गिटारी न्याहाळता येतात. हा फायदा खरा आहे, तो नाकारत नाही.

पण पडद्यामागे माणूसच असतो. एका जाहिरातीला आम्ही निरोप पाठवला, भाव ठरत आला, "उद्या या" इथवर आलं. मग त्याने पूर्ण नाव विचारलं, कुठून येणार ते विचारलं. आडनाव आणि वस्तीचं नाव कळल्यावर उत्तर आलं, "सॉरी, विकली गेली." जाहिरात पुढचे अकरा दिवस तशीच होती, आणि मध्येच तिच्यातला भाव पाचशेने खाली आला. आमच्यातल्या एका मित्राने आपलं फक्त पहिलं नाव लावून विचारलं तर गिटार उपलब्ध होती. घर भाड्याने शोधताना जे होतं तेच हे, फक्त इथे भाडेकरू वस्तू घेऊन निघून जाणार होता, तरी याला चाललं नाही.

म्हणून बाजार जात मोडतो हे आम्ही मानत नाही. 1938 साली मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढे बोलताना बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते, एक नाही. पण एवढं मात्र खरं की गावात पाटील एक असतो आणि जाहिराती अनेक असतात. एकाने दार लावलं तर पुढच्याकडे जाता येतं. ही मुक्ती नव्हे, पण हाताला लागलेलं हत्यार आहे, आणि ते परजायला शिकलं पाहिजे. नुसतं "बाजार मनुवादी आहे" म्हणून घरी बसलो तर वाद्य त्यांच्याच पलंगाखाली धूळ खात राहील.

पलंगाखाली हे उगाच म्हणत नाही. जुन्या गिटारी स्वस्त का मिळतात हे समजून घ्या, म्हणजे भाव करताना जीभ अडखळणार नाही. या जाहिराती वाचत गेलात तर एकच कहाणी पुन्हा पुन्हा भेटते: हौसेने घेतली, दोन महिने वाजवली, वेळ मिळत नाही, जागा अडते. कुणी परदेशी चाललाय, कुणाचं लग्न ठरलंय. ज्यांच्या घरात हौस म्हणून वीस-बावीस हजारांची वस्तू घेऊन विसरता येते, त्यांच्या विसरण्यातून आपला सौदा तयार होतो. बेस गिटारीच्या बाबतीत तर जास्तच, कारण ती एकट्याने वाजवून मजा येत नाही. सहा तारांची गिटार घेऊन पोरगं मित्रांत गाणं म्हणू शकतं. बेसला पथक लागतं, सोबत लागते. ज्याच्याकडे पथक नाही त्याची बेस गिटार विकायला निघतेच. आपल्याकडे बाकी काही नसेल, पण पथकं आहेत.

आता कामाच्या चार गोष्टी, कारण नुसत्या भाषणाने गिटार येत नाही.

पैसे आधी पाठवू नका. "मी सैन्यात आहे, बदली झाली, आधी वाहतुकीचे पैसे पाठवा, वस्तू पार्सलने येईल" हा देशभर चाललेला ठगांचा जुना खेळ आहे. पैसे मिळण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करा असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. वस्तू डोळ्यांनी बघून, हाताने वाजवून मगच व्यवहार. एकट्याने जाऊ नका. दोघं-तिघं जा, दिवसा जा.

जाण्याआधी फोटो मागवा: खुंट्यांच्या डोक्याचा मागून-पुढून, नेक जिथे धडाला जोडलेली असते त्या सांध्याचा, आणि वाजवतानाचा छोटा व्हिडिओ. डोक्याजवळ भेग असेल तर किती का स्वस्त असेना, सोडून द्या. रंग उडालेला, चरे पडलेले, स्टिकर चिकटवलेले असतील तर आनंदाने घ्या, कारण त्याने भाव पडतो आणि आवाजाला काही होत नाही. प्रत्यक्ष पाहताना गिटार बंदुकीसारखी डोळ्यासमोर धरून नेक सरळ आहे का बघा. मग जाड तार पहिल्या फ्रेटवर (सतारीला पडदे म्हणतात तसे हे फ्रेट) आणि नेक धडाला मिळते तिथे, अशी दोन्हीकडे दाबून धरा. मध्ये सातव्या-आठव्या फ्रेटपाशी व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट असेल तर उत्तम. जास्त असेल तरी घाबरायचं कारण नाही. नेकच्या आत लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात, ती अ‍ॅलन कीने पाव-पाव फेरा फिरवून बाक काढता येतो. नेक पिळवटलेली असेल तर मात्र नमस्कार करून निघा. प्रत्येक फ्रेटवर प्रत्येक तार वाजवून बघा, कुठे घरघर येते ते कळतं. बटणं फिरवताना खरखर येत असेल तर ती बहुधा धूळ असते, पण बोलून दाखवा, पाचशे कमी होतात. दमट हवेत, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, पुलाचे स्क्रू गंजतात, तेही पाहा.

खरा सौदा मात्र "आवाज येत नाही" या जाहिरातीत दडलेला असतो. काही बेस गिटारींच्या पोटात नऊ व्होल्टची बॅटरी असते. ती संपली की गिटार मुकी होते, आणि हौशी मालकाला मागच्या झाकणाखाली बॅटरी आहे हेच माहीत नसतं. दुसरं नेहमीचं दुखणं म्हणजे केबल खुपसायच्या जॅकची तार सुटलेली. याला लागतं सोल्डरिंग आणि दहा मिनिटं. आपल्या प्रत्येक वस्तीत मोबाइल दुरुस्त करणारा, आयटीआय झालेला एक तरी पोरगा आहे. ज्यांना दुरुस्तीसाठी शहरातल्या दुकानात जावं लागतं त्यांच्यासाठी ती गिटार भंगार आहे, आपल्यासाठी नाही. आमच्या गिटारीचा जॅक असाच ढिला होता. मालकाला आम्ही दोष तोंडावर सांगितला आणि त्यावरच भाव पाडला. लपवून पाडायचा नाही. व्यवहार चोख हवा, नाहीतर आपण आणि सावकार यांत फरक काय?

आता दुसरा आक्षेप: गिटार आपली नाही.

मग आपलं काय? हलगी, डफ, सनई. बरं, पण ती आपली कुणी केली? गावगाड्यात कुणी काय वाजवायचं हे ठरलेलं होतं. लग्न पाटलाचं, मिरवणूक देवाची, वाजवणारे गावकुसाबाहेरचे. वाजवून झालं की जागा पंगतीत नव्हे, पंगतीपासून दूर. चामडं म्हणून ज्याचा विटाळ, त्याच वाद्याशिवाय त्यांचा एकही सण हलत नव्हता. दक्षिणेतही तेच. टी. एम. कृष्णा यांचं 2020 मध्ये आलेलं 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक मृदंगम बनवणाऱ्या कारागिरांवर आहे. ते बहुतांशी दलित, त्यातले अनेक ख्रिस्ती. कातडी कमावणारे, मढवणारे हात एका जातीचे आणि सभागृहात वाजवून टाळ्या घेणारे दुसऱ्या. वाद्य तेच, पण बनवणारा मंचाच्या मागे.

हलगीशी आमचं भांडण नाही. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातला मजकूर बदलला आणि जी वाद्यं वेठीसाठी होती ती सभेसाठी वाजवली. भीमराव कर्डकांपासून वामनदादांपर्यंत ही परंपरा आपली शान आहे. पण लक्षात घ्या, त्यांनी वाद्य जपलं नाही, वाद्याचं काम बदललं. जातीने हातात ठेवलेलं वाद्य तेवढंच खरं आणि आपण निवडलेलं वाद्य उसनं, असं म्हणणं म्हणजे गावगाड्याची वाटणी आपणच पुन्हा लिहून देणं आहे. ज्या पेटीवर वामनदादांची गाणी गावोगावी वाजली ती हार्मोनियम युरोपातून आली. ऑल इंडिया रेडिओने 1940 पासून तिच्यावर अनेक वर्षं बंदी ठेवली होती, भारतीय संगीताला शोभत नाही म्हणून! त्या शुद्धतेच्या पहारेकऱ्यांच्या ओळीत आपण जाऊन उभं राहायचं? आणि बाबासाहेब स्वतः व्हायोलिन शिकत होते. त्यांना कुणी विचारलं होतं का, की दिमडी सोडून हे काय?

बेस गिटारीचं कूळ तर आपल्याला जवळचंच निघेल. आधी बेससाठी माणसाएवढं उभं वाद्य असायचं, वाहून नेता येईना आणि बाकीच्या गोंगाटात ऐकू येईना. अमेरिकेत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या लिओ फेंडरने 1951 मध्ये 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली, गळ्यात अडकवता येणारी, फ्रेट असलेली. पण तिला बोलायला शिकवलं ते मुख्यतः कृष्णवर्णीय वादकांनी. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाजलेल्या गाण्यांत जेम्स जेमर्सनची बेस गिटार आहे आणि वर्षानुवर्षं त्याचं नाव तबकडीवर छापलं गेलं नाही. 1971 च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर ते आलं. 1983 मध्ये तो गेला, मोठा सन्मान मिळाला 2000 साली. आपल्या घरातल्या भीमगीतांच्या जुन्या कॅसेट काढा आणि ढोलकी कुणी वाजवली ते शोधा, म्हणजे जेमर्सन कळेल. बॉब मार्लीचा बेसवाला अ‍ॅस्टन बॅरेट, त्याने आपली पहिली बेस गिटार प्लायवूड कापून स्वतः बनवली होती. ऑकलंडच्या ब्लॅक पँथरवरून 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर हे नाव घेताना आपण ते परकं आहे का विचारलं नव्हतं.

चेन्नईत 2017 मध्ये पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'कास्टलेस कलेक्टिव्ह' उभा राहिला. पंडित अयोथी दास यांनी वापरलेल्या 'जातीविना तमिळ' या शब्दांवरून नाव घेतलेला. तिथे गाना आहे, रॅप आहे, रॉक आहे, आणि सगळं एकाच मंचावर. आमच्या पथकातही हलगी गेलेली नाही. उलट हलगी शेकून होईपर्यंत गिटार सुरात लावून होते. अडचण आली ती वेगळीच: ढोलकीचा धूम आणि बेसची जाड तार एकाच जागेसाठी भांडतात. शिकणाऱ्या मुलीला, ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, दोन महिने हेच शिकावं लागलं की कुठे वाजवायचं नाही. बोटांना फोड आले ते वेगळे. मुलीच्या गळ्यात एवढं जड वाद्य कशाला, असंही कुणीतरी म्हणालं, त्याला तिनेच उत्तर दिलंय, आम्हाला द्यायची गरज पडली नाही.

राहिला डीजे. आधी एक स्पष्ट करतो. आम्ही डीजेवर नाचलो आहोत, नाचणाऱ्या पोरांना अक्कल शिकवणारा हा लेख नाही. ज्या पांढरपेशांना दहा दिवसांच्या गणपतीत झोप लागते आणि 14 एप्रिललाच कान दुखतात, त्यांच्या सुरात आम्हाला सूर मिळवायचा नाही. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल सांगतात, रात्री दहानंतर बंद म्हणतात. ते सगळ्या मिरवणुकांना सारखे लावा, मग आमच्याशी बोला.

आपसातला हिशोब वेगळा आहे. आमच्या वस्तीच्या मंडळाने गेल्या जयंतीला डीजेला 65,000 दिले. एका रात्रीचे. सकाळी ट्रक गेला, पैसे गेले, डोक्यात घुमणारा आवाज तेवढा दोन दिवस राहिला. तो छातीत धडकणारा आवाज म्हणजे काय, तर बेस. आपण दरवर्षी बेस भाड्याने आणतो. आमची गिटार 9,500, जुना छोटा अ‍ॅम्प्लिफायर 4,500, नव्या तारांचा संच 1,400. झाले 15,400. डीजेच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी, आणि वस्तू वर्षभर वस्तीत राहते. 14 एप्रिलला वाजते, 6 डिसेंबरला वाजते, 3 जानेवारीला सावित्रीमाईंच्या कार्यक्रमात वाजते. बिघडली तर आपलाच पोरगा सोल्डर करतो. डीजेवर गाणं दुसऱ्याने निवडलेलं असतं, जयभीमच्या जोडीला मध्येच काय काय वाजतं ते आपण ऐकलंय. इथे गाणं आपल्याला लिहावं लागतं, बसवावं लागतं, त्यासाठी संध्याकाळी पंधरा पोरं-पोरी एका खोलीत बसतात. अभ्यासिकेइतकंच हे काम आहे. बसायची सवय लागलेली पोरं मोर्चातही वेळेवर येतात, हा आमचा अनुभव.

"पण मग मिरवणुकीत आवाज पुरेल का?" असं मंडळाचे दादा लोक विचारतात. छोट्या अ‍ॅम्प्लिफायरवर नाही पुरणार, खरं आहे. मिरवणुकीला साउंड भाड्याने घ्यावाच लागेल. भाड्याने घ्या, पण त्यातून वाजेल ते आपलं असू द्या, आणि चार टॉपच्या जागी दोन टॉप घेतले तर जे वाचतं त्यात पथक उभं राहतं. डीजे बंद करा असा ठराव कुठलंच मंडळ करणार नाही, आम्हीही तो मांडत नाही. आम्ही वाटा मागतोय.

बहुतेक मंडळांची वर्गणीची बैठक फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. त्या बैठकीला पोरांनी संख्येने जावं, मुलींनी तर जावंच. मंडप, साउंड, हार, जेवण, पोलीस परवानगी ही खर्चाची यादी वाचून झाली की तिच्याखाली 'वाद्य खरेदी' ही ओळ लिहायला लावा आणि समोरचा आकडा 15,000 च्या खाली जाऊ देऊ नका. पैसे मंजूर झाले तरी लगेच दुकानात धावू नका. परीक्षा संपून मे-जूनमध्ये वसतिगृहं रिकामी होतात, तेव्हा पुण्या-मुंबईकडच्या जाहिराती वाढतात आणि भाव उतरतात. तोवर जाहिराती रोज बघत राहा, एका मॉडेलचा भाव पाच ठिकाणी ताडून बघा, आणि बोलणी करायला वस्तीतली बाजार करणारी एखादी मावशी सोबत न्या. भाजीत जिने चाळीस वर्षं भाव केलाय तिच्यासमोर कुठलाच गिटारवाला टिकत नाही.

जयभीम!